फेल्डस्पारची माती होताना

आज प्रयोगशाळेत झिजलेल्या ग्रॅनाइटचा एक तुकडा हाती घेतला आणि त्यातला फेल्डस्पार (ग्रॅनाइटमधले एक मुख्य खनिज), जो ताज्या खडकात पोलादी चाकूलाही दाद देत नाही, तो नखाने पिठासारखा खरवडला गेला. हवेतील व मातीतील कार्बन डायऑक्साइड विरघळून पावसाचे पाणी किंचित आम्लधर्मी होते, ते फेल्डस्पारमधील पोटॅशियम आणि बरीचशी सिलिका वाहून नेते आणि मागे उरलेल्या ॲल्युमिनियम व सिलिकापासून केओलिनाइट या चिकणमातीतल्या खनिजाचे पापुद्रे तयार होतात. मात्र हे घडण्यासाठी पाण्याचा निचरा व्हावा लागतो. पाणी साचून राहिले, सिलिका आणि मॅग्नेशियम तिथेच उरले, तर बहुधा स्मेक्टाइट हे चिकणमातीचे दुसरे खनिज तयार होते.

हा फरक आज क्ष-किरणांच्या आलेखावर (त्यावरून खनिजाच्या थरांमधले अंतर कळते) पाहताना मी खरोखर हरखून गेलो. दोन्ही खनिजांचे नमुने रात्रभर ग्लायकॉल या फुगणाऱ्या थरांत शिरणाऱ्या द्रवाच्या वाफेत ठेवले होते. केओलिनाइटच्या थरांमधले अंतर ७ अँगस्ट्रॉमवरून (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोट्यंश) जराही हलले नाही, तर स्मेक्टाइटचे थर फुगून सुमारे १७ अँगस्ट्रॉमपर्यंत गेले. ओल्या जमिनीचे फुगणे आणि उन्हात तिला भेगा पडणे याचे मूळ याच थरांत आहे.

हेच स्मेक्टाइट गाळाखाली काही किलोमीटर खोल गाडले गेले, की वाढत्या उष्णतेत ते पोटॅशियम सामावून घेते, थरांमधले पाणी सोडते आणि हळूहळू इलाइट हे न फुगणारे खनिज बनते. म्हणजे खडक झिजताना निसटून गेलेले पोटॅशियम खनिजात पुन्हा परतते. उद्या इलाइटचा नमुना लावायचा आहे.