ल्यूटचा पहिला पडदा बसवायचा कुठे?

मागची नोंद जुन्या तारा उतरवण्यापाशी थांबली होती. सहा जोड्यांच्या माझ्या रेनेसाँ ल्यूटवरचं (बोटांनी छेडायचं जुनं युरोपीय तंतुवाद्य) नायलॉन आता पूर्ण गेलं. तारा आतड्याच्या आहेत आणि पडदेही आतड्याचेच. सारंगीवाले जिला तात म्हणतात तीच वस्तू, फक्त जाडी वेगवेगळी. तारा चढल्या, आठही पडदे बांधून झाले, आणि गाडी अडली ती पहिल्या पडद्यापाशी. ही नोंद बहुतेक त्याच्याबद्दलच आहे, कारण सितारीवरून ल्यूटकडे येणाऱ्या कुणालाही हा प्रश्न आज ना उद्या भेटणारच.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी वाद्याची ओळख थोडक्यात. घोडीपासून मेरूपर्यंत तारेची लांबी ६० सेंमी. सर्वांत वरची तार एकटी, खालच्या पाच जोड्या, म्हणजे एकूण ११ तारा. खालची जोडी पाश्चात्त्य 'जी' स्वराला. तिला मंद्र सा धरलं, तर खालून वर सुट्या तारा अशा लागतात: सा, म, कोमल नी, मग मध्य सप्तकातले रे आणि प, आणि शेवटी तार सा. कोमल नी आणि रे यांच्यात शुद्ध गंधाराचं अंतर, बाकी सगळीकडे मध्यमाचं. हे एवढं पाठ झालं की ल्यूटचा गळा डोळ्यांसमोर उलगडतो. मला तरी इंग्रजी अक्षरांपेक्षा सरगमनेच तो लवकर कळला.

आधी पडदे बांधण्याविषयी. मिरजेच्या सितारमेकरांना काम करताना ज्यांनी पाहिलंय त्यांना दोऱ्याने दांडीला आवळलेला पितळी पडदा माहीत आहे. ल्यूटवर दोरा आणि पडदा एकच. तात दांडीभोवती फिरवायची, खर्जाच्या बाजूच्या कडेला गाठ मारायची आणि दोन्ही टोकं पकडीने ताणायची. मग टोकं तीनेक मिलिमीटर ठेवून कापायची आणि तापलेली सोल्डरिंगची सळई त्यांना लावायची. जळलेल्या केसांचा वास येतो, टोक आक्रसतं आणि त्याचा तपकिरी, टणक गोळा होतो. तो गोळा गाठीतून परत सरकत नाही. सगळी पकड त्याच्यावर. आणखी एक युक्ती फार कामाची आहे. दांडी मेरूकडे अरुंद आणि पोटाकडे रुंद असते. त्यामुळे पडदा हव्या त्या जागेच्या थोडा अलीकडे, मेरूच्या बाजूला बांधायचा आणि मग पोटाकडे ढकलत न्यायचा. जाता जाता तो आपोआप आवळत जातो.

जाडीचा हिशेब इंग्लिश ल्यूटवादक जॉन डाउलंडने देऊन ठेवला आहे. त्याचा मुलगा रॉबर्ट याने १६१० मध्ये लंडनला छापलेल्या ल्यूटच्या पाठांच्या संग्रहात वडिलांच्या सूचना आहेत. त्यांनुसार पहिले दोन पडदे चौथ्या जोडीच्या तारेएवढे जाड, पुढचे दोन तिसऱ्या जोडीएवढे, त्यापुढचे दोन दुसऱ्या जोडीएवढे आणि उरलेले सर्वांत वरच्या तारेएवढे. (जोड्या वरून मोजायच्या.) कॅलिपर नसलेल्या माणसाला याहून चांगलं माप कोण देणार? वादकाकडे तारा असतातच. पडदे असे उतरत्या जाडीचे ठेवल्यामुळे कुठल्याही पडद्यावर दाबलेली तार पुढच्या पडद्याला न घासता मोकळी राहते.

आता मूळ प्रश्न. सितारीवर पडदा सरकवला की बाजाच्या तारेवरचा एक स्वर हलतो. कोमल गंधार हवा तर सरकवला, राग बदलला की परत आणला. ल्यूटवर तोच पडदा सहाही जोड्यांखालून जातो, आणि वादक दोन-तीन जोड्यांवर एकदम वेगवेगळे स्वर दाबून धरतो. एका जोडीच्या भल्यासाठी सरकवलेला पडदा दुसरीला नडतो.

पहिल्याच पडद्यावर पाहा. तिसऱ्या जोडीवर रे वरून कोमल ग, दुसऱ्या जोडीवर प वरून कोमल ध, आणि चौथ्या जोडीवर कोमल नी वरून शुद्ध नी मिळतो. पियानोसारखे सप्तकाचे बारा सारखे तुकडे केले तर तिन्ही ठिकाणी अंतर १०० सेंट (अख्खं सप्तक १२०० सेंटचं), भांडण नाही. पण त्या वाटणीत शुद्ध गंधार ४०० सेंटवर येतो. तानपुऱ्याच्या खर्जातून जो गंधार आपोआप निघतो तो ३८६ वर असतो. रोज तानपुरा ऐकणाऱ्या कानाला ते १४ सेंट खुपतात. आतड्याच्या तारांवर, शांत खोलीत, संथ वाजवताना तर फारच.

सोळाव्या शतकातल्या युरोपला तोच गंधार हवा होता. पिएत्रो आरोनने १५२३ मध्ये व्हेनिसला छापलेल्या ग्रंथात वाद्य लावण्याची जी रीत दिली तिला आज पाव-कॉमा मीनटोन म्हणतात. प्रत्येक पंचम पाव कॉमाने (कॉमा म्हणजे सुमारे साडेएकवीस सेंट) किंचित उतरवायचा, म्हणजे गंधार अगदी शुद्ध येतो. ऑर्गन किंवा हार्पसिकॉर्डवर हे छान चालतं, कारण तिथे प्रत्येक स्वराची तार किंवा नळी स्वतंत्र. ल्यूटवर त्याची किंमत मोठी. अर्धस्वर दोन प्रकारचे होतात, एक ११७ सेंटचा आणि एक ७६ चा. फरक ४१ सेंट, आणि दोघांनाही त्याच पहिल्या पडद्यावर राहायचंय.

म्हणून मी एक-षष्ठांश कॉमाची वाट धरली. त्यात पंचम साडेतीन सेंट उतरतो, गंधार ३९३ च्या पुढेमागे येतो आणि दोन अर्धस्वर १०८ आणि ८९ सेंटचे होतात. भांडण निम्म्यावर आलं. गंधार अगदी तानपुऱ्याचा नाही, पण त्यातली धार गेली.

६० सेंमीच्या तारेवर याची मापं अशी बसतात. चौथा पडदा सहाही जोड्यांवर शुद्ध गंधाराचंच अंतर देतो, त्यामुळे तिथे वाद नाही. समान वाटणीत तो मेरूपासून १२.३८ सेंमीवर असता, तो १२.२० वर आणला. पावणेदोन मिलिमीटरचीच हालचाल, पण सा-प-ग अशी एकत्र छेडली की लगेच ऐकू येते. दुसरा पडदा ६.४४ वर, तिसरा ९.६९ वर, पाचवा जवळजवळ जागच्या जागी. आणि पहिला? कोमल ग, कोमल ध यांना तो ३.६३ वर हवा आणि शुद्ध नी ला २.९९ वर. मधलं अंतर जवळजवळ साडेसहा मिलिमीटर. नुसत्या डोळ्यांनी दिसणारं.

यावर त्या काळच्या लोकांनी काय केलं, हे शोधण्यात मला सर्वांत जास्त आनंद मिळाला. डाउलंडची रीत कंपासने करायची आहे: मेरूपासून तारेच्या एक तृतीयांशावर सातवा पडदा. त्या तृतीयांशाचे ११ भाग केले की दोन भागांवर पहिला, आणि तीन भाग केले की एका भागावर दुसरा. म्हणजे माझ्या वाद्यावर पहिला पडदा ३.६४ सेंमीवर. १०८ सेंट! मी गणकयंत्र घेऊन जिथे पोचले, तिथे तो कंपासने पोचला होता. त्याचा दुसरा पडदा मात्र ६.६७ वर, माझ्यापेक्षा दोन मिलिमीटरहून पुढे, त्यामुळे पूर्ण वाटणी काही माझी नाही. ही रीत त्याच्याही आधीची आहे; न्यूरेंबर्गच्या हान्स गेर्लेने १५३२ मध्येच अशा प्रकारची मापं छापली होती.

दुसऱ्या टोकाला विंचेन्झो गॅलिली. खगोलशास्त्रज्ञ गॅलिलिओचे वडील, स्वतः ल्यूटवादक. फ्लॉरेन्सला १५८१ मध्ये छापलेल्या त्यांच्या संवादग्रंथात साधा नियम आहे: उरलेल्या तारेच्या अठराव्या भागावर पुढचा पडदा, प्रत्येक वेळी तसंच. माझ्याकडे पहिला पडदा ३.३३ वर येतो आणि अर्धस्वर ९९ सेंटचा, समान वाटणीला अगदी चिकटून. मी एका लाकडी पट्टीवर हा नियम बारा वेळा लावून पाहिला. बारावी खूण २९.७८ वर आली, तारेच्या मध्यापासून दोन मिलिमीटर अलीकडे. हातात कर्कटक घेऊन काम करणाऱ्या कारागिरासाठी हा नियम फार सुंदर आहे आणि आजही कामाला येतो.

तिसरी वाट म्हणजे तास्तिनो: ज्या जोडीला गरज आहे तिच्यापुरताच, पडद्याचा छोटा तुकडा. गॅलिली यांना ते पसंत नव्हते. मला त्यांच्याबद्दल कितीही आदर असला तरी इथे मी त्यांचं ऐकलेलं नाही. पहिला पडदा ३.६३ वर ठेवला आणि फक्त चौथ्या जोडीखाली २.९९ वर तातेचा तुकडा दुहेरी टेपने बसवला. बोट मेरू आणि तुकड्याच्या मध्ये दाबायचं, की शुद्ध नी मिळतो. तुकड्याची उंची इथे फार महत्त्वाची. तो पडद्याहून जरा जरी ठेंगणा असला तरी तार पुढच्या पडद्यावर थरथरते. कानसने पाव मिलिमीटरच्याही आतबाहेर करत तो जुळवावा लागला. आता नी वरून सा वर येताना जे समाधान मिळतं त्यासाठी एवढा खटाटोप मी पुन्हा करेन.

थरथरीचा विषय निघालाच आहे तर कापिरोलाबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. ब्रेशाचा हा वादक; साधारण १५१७ च्या सुमाराचं त्याचं हस्तलिखित आज शिकागोच्या न्यूबेरी ग्रंथालयात आहे. त्याच्या व्हिदाल नावाच्या शिष्याने पानांच्या कडांना प्राणी-पक्षी रंगवले आहेत, आणि कारणही लिहून ठेवलंय: ज्यांना संगीत कळत नाही त्यांनीही निदान चित्रांसाठी हे जपावं. त्याच प्रस्तावनेत पडदे तारांच्या अगदी जवळ असू द्या, म्हणजे ल्यूट हार्पसारखा वाजेल, असा सल्ला आहे. त्या काळच्या अनेक हार्पना तारेला हलकेच टेकणाऱ्या वाकड्या खुंट्या असत, आणि त्यांतून झणझणीत नाद निघे. आपण त्याला जवारी म्हटलं असतं. आजचा ल्यूट आपण अगदी स्वच्छ, निथळ आवाजाचा कल्पितो. पण निदान या एका गुरूला नादात थोडं दाणेदारपण हवं होतं, आणि जवारीवर वाढलेल्या कानाला हे मनापासून पटतं. पुढचा प्रयोग हाच: तिसऱ्या पडद्यापर्यंत जाडी एक पायरी कमी करून पाहणार.

तारांबद्दल एकच गोष्ट. वरची तार वारंवार तुटते म्हणून ती जाड घ्यावी, असं नव्यांना वाटतं. त्याने काही साधत नाही. ठराविक लांबीला आणि स्वराला तार कधी तुटणार हे द्रव्यावर ठरतं, जाडीवर नाही. जाड तार जास्त ताण सोसते, पण तिला तेवढाच जास्त ताण लागतो. ६० सेंमीला तार सप्तकातला 'जी' हा आतड्याच्या मर्यादेच्या अगदी जवळ आहे. म्हणूनच जुने शिक्षक सांगत, वरची तार झेपेल तितकी चढवा आणि बाकीच्या तिच्यावरून लावा. मी सध्या सगळं वाद्य अर्ध्या स्वराने खाली लावते आणि वरची तार ०.४० मिमीची ठेवली आहे. खर्जाची तार जवळपास दीड मिमी जाड, म्हणून तिचा आवाज मवाळ. धातूची तार गुंडाळून केलेल्या खर्जाच्या तारा सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात आल्या. त्याआधी खालच्या तीन जोड्यांत एक तार वरच्या सप्तकातली लावून उजळपणा आणत. डाउलंडला ती पद्धत नियमाला सोडून वाटे. माझ्या आवडीच्या रचना त्याच्या शंभर वर्षं आधीच्या, त्यामुळे मी सप्तकाच्या जोड्याच ठेवल्या आहेत.

उजव्या हाताची प्रगती हळू आहे. पेत्रुच्चीने १५०७ मध्ये व्हेनिसला स्पिनाचिनोच्या रचना छापल्या, ल्यूटच्या टॅब्लेचरचं (कुठल्या जोडीवर कुठला पडदा दाबायचा हे आकड्यांनी दाखवणारी लिपी) ते पहिलं छापील पुस्तक. त्यातल्या नियमांत सांगितलंय की आकड्याखाली ठिपका असेल तर आघात खालून वर. म्हणजे ठिपका नसलेला दा, ठिपक्याचा रा! इतकं ओळखीचं काही तिथे भेटेल असं वाटलं नव्हतं. पण हाताला मात्र उलटं शिकावं लागतं. सितारीत नखी घातलेल्या तर्जनीचा आत येणारा आघात म्हणजे दा, वजनदार. ल्यूटवर वजन अंगठ्याच्या खाली जाणाऱ्या आघाताला, आणि तर्जनीचा तोच आत येणारा आघात हलका. नखं नाहीत, बोटाचं मांस तारेला लागतं, करंगळी तबलीवर टेकलेली, अंगठा बोटांच्या आत. १५०८ चे दाल्झाचे नाच यासाठी उत्तम आहेत. सोपे, ठेक्याचे आणि दा-रा सरळ सरळ. पावाना आता नीट बसली, पिव्हा अजून लयीत घाई करते. फ्रान्चेस्को दा मिलानोची फंतासी मी फक्त वाचते आहे, वाजवायला वेळ आहे.

पुण्याच्या पावसाळ्याबद्दल ज्यांनी विचारलं त्यांना: खुंट्या फुगून घट्ट होतात, त्यावर उपाय एकच, धीर. वाद्य पेटीतच ठेवते आणि पेटीत आर्द्रतामापक. तात ओलाव्याने सतत हलते, वाजवायला बसण्याआधी बराच वेळ लावण्यात जातो. ज्यांना हे नको असेल त्यांनी नायलगटच्या (तातेसारख्या वाजणाऱ्या, कृत्रिम) तारा लावाव्यात. पडदे मात्र तातेचेच बांधून पाहा, सरकवायला त्यांच्याइतकं सोयीचं काही नाही.

सहावा पडदा अजून ठरलेला नाही. पाचव्या जोडीवर तो म वरून शुद्ध नी देतो आणि तिसऱ्या जोडीवर रे वरून कोमल ध, म्हणजे पहिल्या पडद्याचंच भांडण पुन्हा. तिथे तारांची उंची जास्त असल्याने तास्तिनो बसवणं अवघड. सध्या तो नी च्या बाजूने ठेवला आहे, आणि कोमल ध लागला की तो दुसऱ्या जोडीच्या पहिल्या पडद्यावर घेते. दाल्झासाठी एवढं पुरतं. कापिरोलाच्या रिचेरकारांत (मुक्त वादनरचनांत) ती सोय नेहमीच सापडत नाही, कारण दुसरी जोडी बऱ्याचदा वरच्या स्वरात अडकलेली असते. तुमच्यापैकी कुणी सहाव्या पडद्यावर तुकडा बसवला असेल, तर तो लाकडाचा की तातेचा आणि किती उंच, हे जरूर कळवा.