हात कानाकडे जाऊ नये म्हणून

चालताना, सायकलवर किंवा काम करता करता ऐकता येईल असं कानावरचं यंत्र बनवायचं ठरलं, तेव्हा आमच्या छोट्या टीमच्या यादीत अपेक्षा नेहमीच्याच होत्या. आवाज चांगला हवा, वजन कमी हवं, बॅटरी पुरायला हवी, पावसाने बिघडायला नको. माझ्याकडे यांत्रिक रचनेचं काम होतं, म्हणजे ते कानावर बसणार कसं आणि आत सगळं मावणार कसं हे बघणं. त्या यादीत मी एक ओळ घातली आणि पुढचं सगळं काम तिच्याभोवतीच फिरलं: वापरणाऱ्याचा हात कानाकडे जाता कामा नये. यंत्र सारखं सरकवावं लागलं, आवाज कमी-जास्त करावा लागला, कुणी हाक मारली की काढावं लागलं, तर हात मोकळे राहिले कुठे?

म्हणून चाचणीही तशीच ठेवली. लोकांना नमुने लावून चालायला पाठवायचं, व्हिडिओ काढायचा आणि बघताना फक्त हातांकडे बघायचं. विचारलं की बहुतेक जण ‘छान आहे’ म्हणतात. खोटं बोलतात असं नाही, आपण चालता चालता ते नीट बसवलं हे त्यांच्या लक्षातच नसतं.

पहिला मोठा निर्णय होता कान बंद करायचा की उघडा ठेवायचा. कानात घट्ट बसणारे बड बेस उत्तम देतात, पण बाहेरचं ऐकू येणं कमी होतं. शिवाय चालणाऱ्याला आणखी एक त्रास होतो. प्रत्येक पावलाचा धक्का हाडांतून कानाच्या नळीपर्यंत येतो; नळीचं तोंड बंद असलं की त्या आवाजाला बाहेर पडायला वाट राहत नाही आणि पाऊल ‘धप्प’ असं डोक्यात वाजतं. खाताना तर स्वतःचं चावणंच जास्त ऐकू येतं. बाहेरचा आवाज माइकने घेऊन आत सोडण्याची सोय आता बऱ्याच बडमध्ये असते, पण वारा सुटला की त्या माइकमध्ये घोंघावतो.

कानशिलाजवळच्या हाडातून आवाज देणारी यंत्रंही वापरून पाहिली. बाहेरच्या किंवा मधल्या कानात अडथळा असल्यामुळे ज्यांना कमी ऐकू येतं, त्यांच्यापैकी अनेकांसाठी ती खरोखर उपयोगाची आहेत. मात्र खालच्या पट्टीचे आवाज द्यायचे तर कंपनं मोठी करावी लागतात आणि मग कातडीला गुदगुल्या होतात. शिवाय ती डोक्याला चांगली दाबून बसावी लागतात. व्हिडिओत लोक कानशील चोळताना दिसत होते.

शेवटी कानाच्या भोकासमोर, पण न टेकता, तरंगणारा छोटा स्पीकर आणि कानामागे जाणारा आकडा अशी रचना ठरली. स्पीकरचा पडदा पुढे हवा ढकलतो त्याच क्षणी मागे ती ओढतो. पुढची आणि मागची लाट अशी एकमेकींच्या उलट असते. १०० हर्ट्झच्या आवाजाची तरंगलांबी साधारण ३.४ मीटर, आणि आमच्या यंत्राची पुढची-मागची बाजू जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरवर. त्यामुळे खालच्या पट्टीत दोन्ही लाटा एकमेकींना खाऊन टाकतात. बेस जातो तो इथे. पण याच गोष्टीचा फायदाही आहे. पुढचं छिद्र कानाच्या अगदी जवळ ठेवलं आणि मागचं कानापासून दूर वळवलं, की कानात पुढची लाट वरचढ ठरते आणि बाजूला उभ्या माणसापर्यंत पोचेपर्यंत दोन्ही बऱ्याच प्रमाणात मिटतात. मागचं छिद्र कुठे असावं, केवढं असावं, त्यावर जाळी किती दाट असावी, यावर आमचा इतर कशाहीपेक्षा जास्त वेळ गेला, आणि तो जायलाच हवा होता.

इथेच माझं काम आणि ध्वनीवाल्यांचं काम एक झालं. मोकळ्या हवेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. कानासमोर अंतरच मुळात काही मिलिमीटरचं, त्यामुळे स्पीकर थोडा सरकला तरी आवाज लगेच पडतो आणि हात वर जातो. कानावर पक्कं बसणं हाच इथे आवाजाचा दर्जा. बॅटरी कानामागे नेली, म्हणजे पुढच्या स्पीकरचं वजन तोललं गेलं आणि मान हलवली तरी यंत्र झुकेना. आकड्यात निकेल-टायटॅनियमची तार घातली. ती बरीच वाकवली तरी मूळ आकारात येते आणि लहान-मोठ्या कानांवर दाब फारसा बदलत नाही.

मग चष्मेवाले आले. एका बाईंचा हात व्हिडिओभर वर जात होता, पण यंत्राला एकदाही लागत नव्हता. त्या प्रत्येक वेळी चष्माच खाली दाबत होत्या. विचारल्यावर म्हणाल्या, “दादा, तुमचं हे नीट बसलंय, पण चष्म्याची काडी उचलली जातेय.” कानामागची खोबण एकच, आणि तिथे काडी आधीपासून होती. मग आकड्याचा वरचा भाग चपटा करून डोक्याच्या बाजूला चिकटवला, काडी त्याच्या बाहेरून जाईल असा. यामुळे तार अरुंद झाली, तिचा ताण नव्याने ठरवावा लागला. तेवढं करणं भागच होतं, कारण चष्मा लावणारे लोक थोडेथोडके नाहीत.

बटणाबाबत माझं मत ठाम आहे. स्पर्शावर चालणारा पृष्ठभाग घामाने, पावसाच्या थेंबाने, ओल्या केसांनी आपोआप चालतो आणि हातमोजे घातले की चालत नाही. आम्ही खरं बटण ठेवलं, तेही खालच्या कडेला. वरच्या कडेवर बोट, खाली अंगठा, आणि चिमटीत दाबायचं. समोरून दाबायचं बटण स्पीकरला कानात ढकलतं. चिमटीत दोन्ही बाजूंचा जोर एकमेकांना तोलतो.

रहदारी वाढली की आवाज आपोआप वाढावा, अशी सूचना बऱ्याच जणांनी केली. मी तिला शेवटपर्यंत विरोध केला. ट्रक जवळून जात असेल तर ट्रकच ऐकू यायला हवा, त्यासाठीच तर कान उघडा ठेवला. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांसाठी ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ही सुरक्षित मर्यादा आहे, आणि ९० डेसिबलला ती फक्त ४ तासांवर येते. गोंगाटाशी शर्यत लावणाऱ्या यंत्रात ही मर्यादा कधी ओलांडली ते कळतही नाही. सूचना मागे पडली याचं मला समाधान आहे.

हात खिशाकडेही जायचा, हे जरा उशिरा दिसलं. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं आणि ती लहर शरीरातल्या पाण्यात शोषली जाते. फोन उजव्या खिशात आणि फोनशी जोडलेला मुख्य रेडिओ डाव्या कानात असला की मध्ये अख्खं शरीर येतं. घरात भिंतींवरून परावर्तित होऊन सिग्नल पोचतो. मोकळ्या मैदानात परतवायला काहीच नसतं, म्हणून आवाज तिथेच जास्त तुटतो आणि लोक फोन दुसऱ्या खिशात टाकतात. अँटेना कातडीपासून लांब, आकड्याच्या वरच्या बाहेरच्या कडेला नेल्यावर फरक पडला. दोन्ही कानांतल्या रेडिओंनी आळीपाळीने मुख्य व्हायचं, हे सॉफ्टवेअरवाल्यांनी जोडलं.

घामाचं थोडक्यात सांगतो. आयपीएक्स४ या जलरोधक श्रेणीचा अर्थ सर्व बाजूंनी उडणाऱ्या साध्या पाण्यापासून बचाव. पण घाम खारट असतो. चार्जिंगच्या टिकल्यांवर व्होल्टेज राहिलं आणि वर घाम असला की धातू लवकर खाल्ला जातो. त्यामुळे चार्जिंगच्या डबीतून काढताच टिकल्यांची जोडणी आतून तोडायची, असं सर्किट केलं.

हेल्मेटचा प्रश्न अजून उभा आहे. सायकलच्या हेल्मेटचा पट्टा बहुतेकांना कानापुढून आणि मागून असा दोन फाट्यांत येतो, आणि पुढचा फाटा नेमका आमच्या स्पीकरवर टेकतो. स्पीकरची मान, म्हणजे त्याला धरणारा दांडा, आणखी पातळ केली तर मागच्या लाटेची वाट चिंचोळी होते आणि बाहेर गळणारा आवाज वाढतो. सध्या मान वरून न आणता खालून, कानाच्या पाळीच्या बाजूने आणून पाहतो आहोत. नमुने तयार आहेत, आता सायकलवाल्यांचे व्हिडिओ बघायचे आहेत.