गॉलचा नकाशा: आधी गड, मग सीमा

रणनीती खेळाच्या नकाशावर इ.स.पू. ५८ चा गॉल, म्हणजे साधारण आजच्या फ्रान्सचा प्राचीन प्रदेश, रंगवताना बहुतेक जण आधी सीमा ओढतात आणि तिथेच फसतात. आधी ओपिडा म्हणजे तिथल्या जमातींची तटबंदीची ठाणी मांडा: एदुईंचे बिब्राक्ते, आर्वेर्नींचे गेर्गोविया, सेक्वानींचे वेसोन्तिओ. मग पाणलोट आणि जंगलाचे पट्टे बघा. नदी ही आपोआप सीमा नसते, उलट बऱ्याचदा दोन्ही काठ एकाच जमातीचे असतात. सोन नदी मात्र एदुई आणि सेक्वानींच्या मध्ये होती आणि तिच्यावरच्या जकातीवरून भांडण होते. तिथे रेघ बिनधास्त ओढा.

सीमेचा आणखी एक धागा गावांच्या नावांत सापडतो. फ्रान्समधली एंग्रांद, एगुरांद ही नावे सीमादर्शक जुन्या केल्टिक शब्दावरून आली आहेत. मध्ययुगीन बिशपक्षेत्रेही उपयोगी, पण ती रोमन पुनर्रचनेवर बेतलेली, म्हणून आंधळेपणाने छापू नका. एदुईंची राजधानी ऑगुस्टोडूनम दाखवली, तर नकाशा पुढे, रोमन सम्राट ऑगस्टसच्या काळात गेला!

सेगुसिआवी एदुईंचे आणि काडुर्की आर्वेर्नींचे आश्रित. त्यांना मुख्य जमातीत विरघळवू नका. वेगळा प्रांत आणि मांडलिकाचे नाते द्या, नाहीतर युती फुटण्याची गंमतच जाते.

रंगवताना पेन्सिल टूल वापरा, कडा मऊ करणारे अँटी-अलायसिंग बंद ठेवा. खेळ प्रत्येक रंगाला वेगळा प्रांत धरतो, नाहीतर मधल्या छटांचे भुताटकी प्रांत तयार होतात. फाइल पीएनजी किंवा बीएमपी; जेपेग अजिबात नको, तो रंगांच्या छटा बदलतो.