सायन्स घेऊन पोरगी पुढं काय करन?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते. दहावीचा निकाल लागल्यावर प्रवेशासाठी येणाऱ्या पालकांशी बोलण्याचे काम बहुधा माझ्याकडेच असते, आणि विज्ञान-गणितात उत्तम गुण मिळवलेल्या मुलीचे वडील कला शाखेचा अर्ज मागू लागले की कारण विचारल्याशिवाय माझ्याने राहवत नाही. "मॅडम, सायन्स घेऊन पोरगी पुढं काय करन? टूशनले पैसे लागतीन, अन् शेवटी तं बीएडच करायचं हाये," असे ते सांगतात. हा बाप मुलीच्या शिक्षणाचा वैरी नसतो. त्याने तिला दहावीपर्यंत शिकवलेले असते, पुढेही शिकवायचे असते. विज्ञान शिकलेली मुलगी नेमक्या कोणत्या कामाला लागते, हे मात्र त्याला कोणी कधी दाखवलेले नसते. मुलींना विज्ञानाकडे वळवण्याविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते, पण त्या बोलण्यात या प्रश्नाचे उत्तर क्वचितच असते. ते मला जमेल तसे येथे मांडायचे आहे.

आधी पैशाविषयी. अकरावीचे प्रवेश आणि पेरणी आमच्याकडे एकाच सुमारास येतात. कपाशीच्या बियाण्याची पाकिटे, खताच्या थैल्या, ट्रॅक्टरचे भाडे या सगळ्याची जुळवाजुळव त्याच दिवसांत करायची असते आणि पीककर्ज अनेकदा हाती आलेले नसते. अनुदानित महाविद्यालयात मुलींना बारावीपर्यंत शिक्षण शुल्क लागत नाही. पण विज्ञान शाखा म्हणजे शिकवणी वर्ग, हे लोकांच्या मनात इतके पक्के बसले आहे की शिकवणीची फी झेपणार नसेल तर सायन्स घेऊच नये, असे घराघरांत धरून चालतात. बहीण-भाऊ पाठोपाठच्या इयत्तांत असले तर ते पैसे कोणावर खर्च होतात, हे वेगळे सांगायला नको. मला याचा राग येतो आणि तो मी पालकांपुढे बोलूनही दाखवते. वर्गात मनापासून शिकवले गेले तर बारावीच्या रसायनशास्त्राला शिकवणी लागत नाही, आणि ते शिकवणे आम्हा शिक्षकांचे कामच आहे.

दुसरी अडचण बसची, आणि ती बाहेरच्यांना क्षुल्लक वाटते. एस.टी.चा अहिल्याबाई होळकर योजनेतला मोफत पास आणि मानव विकासच्या निळ्या बसगाड्या यांनी आमच्या भागातल्या कितीतरी मुली शाळेत टिकवल्या, याबद्दल मला कृतज्ञताच आहे. परंतु बस सुटते शाळेच्या वेळेवर, आणि विज्ञानाची प्रात्यक्षिके ठेवली जातात दिवसाच्या शेवटी. पोटॅशियम परमँगनेटचे टायट्रेशन, म्हणजे एका द्रावणाने दुसऱ्याची तीव्रता मोजण्याचा प्रयोग, करताना काय होते, ते पाहा. फ्लास्कमधले ऑक्झॅलिक आम्ल कोमट नव्हे, चांगले गरम लागते. ब्युरेट नावाच्या तोटीच्या मोजनळीतून जांभळे द्रावण थेंबाथेंबाने सोडायचे, प्रत्येक थेंबाचा रंग जाईपर्यंत फ्लास्क हलवत राहायचे आणि फिकट गुलाबी छटा टिकली की थांबायचे. ज्या मुलीचे लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे आहे ती तोटी जास्त उघडते, तोवर फ्लास्क निवलेला असतो, द्रावण तपकिरी पडते आणि प्रयोग वाया जातो. मग ती शेजारणीच्या वहीतून वाचन, म्हणजे मोजलेला आकडा, उतरवून घेते आणि बसकडे धावते. असे वर्षभर झाले की प्रयोग म्हणजे दुसऱ्याच्या वहीतले आकडे उतरवणे, अशीच तिची समजूत होते, आणि त्यात तिचा काहीही दोष नसतो. आम्ही प्रात्यक्षिकांचे तास सकाळी सर्वांत आधी ठेवले. त्यासाठी वेळापत्रक बदलण्यापलीकडे काही करावे लागले नाही, एक रुपयाही खर्च आला नाही. ज्या मुली अबोल समजल्या जात होत्या त्यांतल्या काही जणी आता एका वाचनावर न थांबता, तीन वाचने जुळेपर्यंत टेबल सोडत नाहीत.

तिसरी गोष्ट डॉक्टरकीची. गावात सायन्सचा अर्थ नीट परीक्षा, आणि नीटमध्ये गुण कमी पडले की "सायन्स वाया गेलं" असा निकाल लागतो. त्याच हिशेबाने मुली अकरावीत जीवशास्त्र घेऊन गणित सोडतात, कारण गणित मुलींना जड जाते असे त्यांना घरी आणि कधीकधी शाळेतही ऐकवलेले असते. गणित सुटले की अभियांत्रिकी, भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र यांची दारे सोळाव्या वर्षीच बंद होतात. दहावीला गणितात चांगले गुण असतील तर अकरावीत चारही विषय ठेवा, असे मी प्रत्येक मुलीला सांगते.

आता मूळ प्रश्नाकडे येते. विज्ञान शिकलेल्या मुलीसाठी कामे कोणती आहेत, याचे उत्तर शोधायला विदर्भाबाहेर जावे लागत नाही. बोंडअळीला मारणारे विष स्वतःच तयार करणाऱ्या बीटी कपाशीला देशात २००२ मध्ये परवानगी मिळाली, २००६ मध्ये दोन जनुकांचे बियाणे आले, आणि काही वर्षांतच गुलाबी बोंडअळी या दोन्ही विषांना पुरून उरली. २०१७ च्या हंगामात तिने विदर्भाची कपाशी पोखरली. त्याच हंगामात फवारणीच्या विषबाधेने आमच्या जिल्ह्यात शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ही अळी अंड्यातून निघताच बोंडात शिरते आणि तिच्या मागे छिद्र बुजून जाते. बाहेरून बोंड धडधाकट दिसते आणि आत शिरलेल्या अळीपर्यंत फवारा पोहोचत नाही. फरदडीसाठी उन्हाळ्यापर्यंत उभी ठेवलेली कपाशी तिला पुढच्या हंगामापर्यंत सांभाळते. म्हणून मादीच्या वासाने नर पतंग ओढणाऱ्या कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी आठ पतंग आले, किंवा तोडलेल्या हिरव्या बोंडांत शेकडा दहा किडकी निघाली, तरच फवारणी करावी, असा सल्ला दिला जातो. हा आकडा काढणे म्हणजे विज्ञानच आहे.

बारावीतल्या एका विद्यार्थिनीने घरच्या वावरातून हिरवी बोंडे आणली आणि आम्ही ती प्रयोगशाळेत ब्लेडने उभी चिरून पाहिली. तिसऱ्या-चौथ्या बोंडात पांढऱ्या ओल्या धाग्यांमध्ये सरकी पोखरत बसलेली गुलाबी अळी सापडली तेव्हा वर्गातल्या मुली किंचाळल्या, ती मात्र भिंग घेऊन वाकली आणि म्हणाली, "मॅडम, ह्या बोंडाचं फूल डोमकळी झालं असन का?" पाकळ्या न उमलता गुलाबाच्या कळीसारख्या मिटून राहिलेल्या फुलाला आमच्याकडे डोमकळी म्हणतात आणि ते अळीच्या प्रादुर्भावाचे पहिले लक्षण असते. फुलातलीच अळी बोंडात आली की बोंडातली वेगळी, असे तिला विचारायचे होते, आणि हा प्रश्न कीटकशास्त्राचा होता. वेचणीला बाया जातात, कवडीचा, म्हणजे किडका, कापूस त्यांच्याच हाती लागतो, डोमकळी आधी त्यांनाच दिसते. ज्यांच्या डोळ्यांना ही सवय आहे त्यांच्या मुलींनी नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत किंवा अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात संशोधक म्हणून काम करावे, याहून रास्त अपेक्षा मला सुचत नाही.

पाण्याचेही तसेच आहे. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या कित्येक गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर गेले की मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे उमटतात आणि वर्षानुवर्षे तेच पाणी पोटात गेले तर हाडे आणि सांधे धरतात. तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड खाली बसवण्याची नलगोंडा पद्धत नागपूरच्याच नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने विकसित केली. घरोघरी नळाने पाणी देण्याच्या जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासण्याच्या किटचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. एखाद्या मुलीची काकू नळीत थेंब टाकून रंग जुळवून पाहत असेल, तर ती करते ते रसायनशास्त्र आहे, हे त्या घरात कोणीतरी मोठ्याने म्हटले पाहिजे.

आणि ज्यांना वाटते की खेड्यात राहून संशोधन होत नाही, त्यांना मी डॉ. राणी बंग यांच्याविषयी सांगते. त्या मूळच्या चंद्रपूरच्या. गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६५० स्त्रियांची तपासणी केली, तेव्हा ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग असल्याचे आढळले आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया जेमतेम ८ टक्के होत्या. हे निष्कर्ष १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि ग्रामीण स्त्रियांचे आरोग्य म्हणजे केवळ बाळंतपण नव्हे, हे जगाला मान्य करावे लागले. ही माहिती मिळवायला त्या स्त्रियांचा विश्वास बसणे आवश्यक होते, आणि पुरुष संशोधकाला तो मिळाला असता असे मला वाटत नाही. संशोधनात स्त्रिया का हव्यात, याचे याहून स्पष्ट उदाहरण माझ्याजवळ नाही.

मुलींनी अडून बसण्याचाही एक वारसा आहे. १९३३ मध्ये कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, मुंबईची पदवी घेऊन बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या, तेव्हा संस्थेचे संचालक सी. व्ही. रामन यांनी त्या स्त्री आहेत म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. अपमानास्पद अटींवर त्यांना घेण्यात आले आणि त्यांचे काम पाहून त्या संस्थेचे दार पुढच्या मुलींसाठी उघडले. १९३९ मध्ये त्यांना केंब्रिजची पीएच.डी. मिळाली. पुढे त्यांनी डाळींतली प्रथिने आणि नीरा यांवर, म्हणजे गरिबांच्या पोटात जाणाऱ्या अन्नावर संशोधन केले.

आज प्रवेश मिळण्यात तशी अडचण राहिलेली नाही. २०२१-२२ च्या उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय पाहणीत विज्ञान शाखेच्या सुमारे ५७ लाख विद्यार्थ्यांपैकी निम्म्याहून थोड्या अधिक मुली होत्या. तरीही देशाच्या संशोधकांमध्ये स्त्रियांचे प्रमाण पाचात एक इतकेही भरत नाही. मुली मधल्या मधे गळतात, आणि आमच्या भागात त्या गळतात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षात, स्थळे येऊ लागतात तेव्हा. त्या वेळी घरच्यांना एक गोष्ट ठाऊक असणे फार महत्त्वाचे आहे: एम.एस्सी.नंतर नेट या राष्ट्रीय पातळीवरच्या परीक्षेतून कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती मिळाली, तर पीएच.डी. करणाऱ्या मुलीला महिन्याला ३७,००० रुपये मिळतात, शिवाय घरभाडे भत्ता. बारावीच्या परीक्षेत मंडळातल्या वरच्या एक टक्क्यात येऊन मूलभूत विज्ञानाची पदवी घेणाऱ्यांसाठी इन्स्पायर शिष्यवृत्ती वर्षाला ८०,००० रुपयांची आहे. बहुतेक पालकांना वाटते की पीएच.डी.साठी आपल्यालाच पैसे भरावे लागतील. मी हे आकडे कागदावर लिहून देते, कारण तोंडी सांगितलेले घरी पोहोचेपर्यंत विसरले जाते आणि कागद मुलीच्या मामापर्यंत, आजोबांपर्यंत जातो.

नागपूरची सहल आम्ही आता फक्त मुलींची काढत नाही; जमेल तितक्या आयांनाही सोबत नेतो. मागच्या खेपेस रामन विज्ञान केंद्र पाहून झाल्यावर एका आईने मला बाजूला घेऊन विचारले, की अशा ठिकाणी कामाला असलेल्या बाईला लेकरू झाले तर सुटी मिळते का. सव्वीस आठवड्यांची पगारी रजा मिळते, असे मी सांगितले. त्यावर तिने लगेच वसतिगृहाचे विचारले, जेवणाचे विचारले, एकटी मुलगी रात्रीच्या गाडीने येऊ शकते का ते विचारले. सगळे प्रश्न नेमके होते आणि प्रत्येकाला उत्तर होते.

हे वाचणाऱ्यांपैकी कोणी आमच्या भागातून जाऊन एखाद्या प्रयोगशाळेत, कृषी विद्यापीठात, रुग्णालयाच्या चाचणी विभागात काम करत असेल, तर तिने एक दिवस आपल्या जुन्या शाळेत किंवा आमच्यासारख्या महाविद्यालयात जरूर यावे. व्याख्यान नको, आपण रोज जे हाताळतो ते आणावे, पहिला पगार किती होता ते सांगावे आणि लग्नाच्या वेळी घरी काय बोलणे झाले तेही सांगावे. जानेवारीचा पहिला पंधरवडा बरा, कारण तोवर वेचणीचा जोर ओसरलेला असतो आणि बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षांना अजून अवकाश असतो. सकाळच्या बसने यावे, मुली त्याच बसमध्ये भेटतील.