तुम्ही विचारलंत म्हणून: रंग सोडून आधी पुढची चाकं का?

माझी १९८२ची प्रीमियर पद्मिनी बघायला येणारा जवळजवळ प्रत्येकजण हेच विचारतो. दाराखालचा पत्रा सडलाय, बॉनेटचा रंग उडालाय, आणि तुम्ही आठ महिने पुढच्या सस्पेन्शनमागे घालवलेत. पैसेही त्यातच गेले. का?

गाडी मामांची. ते गेल्यावर मामींनी किल्ली माझ्या हातात ठेवली आणि मी ती साखरप्याहून आंबा घाट चढून कोल्हापूरला आणली. त्या घाटात मला कळलं की इंजिन ठणठणीत आहे आणि गाडी मात्र माझ्या हातात नाही. स्टेअरिंग वळवलं की क्षणभर काहीच व्हायचं नाही, मग गाडी एकदम तोंड फिरवायची. खड्डा आला की चाकं थरथरायला लागायची, ती वेग मोडेपर्यंत थांबायची नाहीत. अशा गाडीत मी मामींना बसवणार नव्हतो. रंग उडालेल्या गाडीत त्या आनंदाने बसतील, हे मला माहीत होतं.

घरी आल्यावर पहिल्याच रविवारी पुढचं चाक जॅकवर उचललं, खाली घोडी लावली, आणि चाक घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरून हलवलं. चांगलंच हललं. आता एवढ्यावरून दोष कुठे आहे ते समजत नाही, कारण व्हील बेअरिंग ढिलं असलं तरी चाक असंच हलतं. म्हणून मुलीला ब्रेकवर पाय दाबून धरायला सांगितलं. ब्रेक लागला की ड्रम जाम होतो आणि बेअरिंगची ढिलाई लपते. तरीही चाक हलत राहिलं, तर किंगपिन गेली. डावीकडे ढिलाई जवळजवळ नाहीशी झाली. उजवीकडे होती तशीच राहिली.

किंगपिन म्हणजे मनगटाएवढ्या जाड लोखंडात उभी बसलेली पोलादी पिन. स्टेअरिंग फिरवलं की पुढचं चाक तिच्याभोवती वळतं. तिला वर एक आणि खाली एक असे दोन बुश, म्हणजे पिनेभोवतीच्या धातूच्या छोट्या नळ्या, असतात, आणि पिन व बुश यांच्यामध्ये ग्रीसचा पातळ थर. आजच्या गाड्यांत हे काम बॉल जॉइंट करतात आणि ते बंद असतात, मालकाला त्यांना ग्रीस मारावं लागत नाही. पद्मिनी मुळात साठच्या दशकातली फियाट ११०० डी, कुर्ल्यात बनणारी. १९७४ साली तिला पद्मिनी हे नाव मिळालं, पण खालचा सांगाडा तोच राहिला. तिला ग्रीस गनने ग्रीस मारावंच लागतं.

आणि मामा ते मारत होते. हीच गोष्ट मला खात होती. महिन्याच्या पहिल्या रविवारी अंगणात गोणपाट अंथरून ते गाडीखाली जायचे. लहानपणी निप्पल, म्हणजे ग्रीस गन लावायचं बारीक तोंड, पुसायचं काम माझ्याकडे असायचं. इतक्या निगुतीने राखलेल्या गाडीची एकच पिन का झिजावी?

उत्तर मिळायला खोलावं लागलं. सगळ्यात भीती वाटली ती कॉइल स्प्रिंगची. गाडीचं वजन पेलणारी ती स्प्रिंग चाकाला सांगाड्याशी जोडणाऱ्या वरच्या-खालच्या दोन आर्ममध्ये दाबून बसवलेली असते. नट सैल करून आर्म मोकळा सोडला तर ती बंदुकीसारखी सुटते, माणूस मरू शकतो. मी खालच्या आर्मखाली जॅक ठेवला, स्प्रिंगमधून साखळी ओवून ती सांगाड्याच्या आडव्या पट्टीला, क्रॉस मेंबरला, बांधली, स्प्रिंग कॉम्प्रेसर लावला, आणि मग जॅक बोटभर बोटभर उतरवला. एका बाजूला अख्खी सकाळ गेली. त्यात घाई करायची नसते.

किंगपिन गंजून अशी धरली होती की तेल, हातोडा, गॅसची आच, कशालाच दाद देईना. शेवटी सगळं पोत्यात भरून उद्यमनगरात, कोल्हापूरच्या कारखान्यांच्या वस्तीत, नेलं. तिथल्या एका टर्नरकाकांनी हायड्रॉलिक प्रेसवर ती काढली, बुश बॅटरीच्या उजेडात धरला आणि म्हणाले, "ह्ये बघा की. आंधळं बसलंय."

बुशला ग्रीससाठी एक भोक असतं. ते निप्पलच्या भोकासमोर यायला पाहिजे. पूर्वी कधीतरी एका गॅरेजमध्ये उजवीकडचा बुश बदलताना तो थोडा फिरलेला बसवला होता, आणि निप्पलसमोर नुसती धातूची भिंत आली होती. मामा गन दाबत होते, गन जड लागत होती, ग्रीस निप्पलच्या कडेने बाहेर येत होतं. त्यांना वाटत असणार, आत भरलंय. वर्षानुवर्षं एक थेंबही पिनपर्यंत पोचला नव्हता. मी तिथे लेथच्या आवाजात बराच वेळ उभा राहिलो. बुश बसवणाऱ्याने पिन घालण्याआधी भोकातून एक तार घालून बघितली असती तरी पुरलं असतं.

मुंबईत पद्मिनी टॅक्सी धावत होत्या तोवर हे सामान सहज मिळायचं. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटचीही थांबली. मला पुण्यात नाना पेठेत एका जुन्या दुकानात पिनांचा जोड मिळाला, बुश मात्र काकांनी गनमेटलचे बनवून दिले. वरचा आणि खालचा बुश वेगवेगळा रिम करायचा नाही, म्हणजे आतून तासून मापाला आणायचा नाही, यावर ते अडून बसले. लांब रिमर दोन्हीतून एकाच वेळी गेला तरच भोकं एका रेषेत येतात. पिन अंगठ्याने ढकलल्यावर जडपणे सरकली पाहिजे, आपल्या वजनाने घरंगळली तर बुश मोठा झाला. आणि पिन घालण्याआधी तार मी स्वतः घातली, चारही भोकांतून.

बाकीचं भराभर झालं. टाय रॉड एंड, शॉकअप, बेअरिंग नवीन. स्प्रिंगा शेजारी शेजारी उभ्या करून मोजल्या, उजवी बसलेली होती, म्हणून दोन्ही बदलल्या. एकच बदलली असती तर गाडी एका बाजूला कललेली राहिली असती. एक गोष्ट मात्र चुकवू नका. आर्मच्या रबरी बुशांचे बोल्ट गाडी हवेत असताना शेवटपर्यंत आवळू नयेत. गाडी चाकांवर उभी करून, वजन पडल्यावर आवळावेत. नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. चाकांचं अलाइनमेंट आधी दोरी लावून घरी जमवलं, मग मशीनवर तपासून घेतलं.

श्रावणात मामींना घेऊन साखरप्याला गेलो. घाट उतरताना पाऊस होता. स्टेअरिंगवर दोन बोटं ठेवली तरी गाडी आपली वाट धरून होती. मामी अर्ध्या घाटात झोपल्या.

जुनी फियाट घ्यायची म्हणून हे विचारत असाल, तर रंग बघून भाव ठरवू नका. चाक उचला, बारा आणि सहाला धरून हलवा, आणि ब्रेकवर पाय ठेवायला कुणालातरी बरोबर न्या. निप्पलमध्ये ग्रीस मारून बघा, बुशाच्या टोकांतून ते बाहेर येतंय का. कोल्हापुरात असाल तर मला सांगा, ग्रीस गन घेऊन मी येतो.