तुम्ही विचारलंत म्हणून: आलेखात रंग कधी भरावा?

धरणांच्या पाणीसाठ्याचे अहवाल तयार करण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत. या कामात नव्याने येणारी मुले मला एक प्रश्न हमखास विचारतात: साठ्याची रेषा काढून काम भागत असताना तिच्याखाली रंग भरून एरिया चार्ट कशासाठी करायचा? दर वेळी तोंडी सांगितलेले अर्धेच लक्षात राहते, म्हणून या वेळी लिहून देतो.

रेषा चढउतार सांगते. रंग मात्र 'इतके आहे' असे सांगतो. त्यामुळे रंग भरायचा तो जिथे खरोखरच काही साठते, उरते किंवा खर्च होते तिथेच. विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश गृहस्थाने १७८६ मध्ये इंग्लंडच्या व्यापाराचे आलेख छापले, तेव्हा आयातीची आणि निर्यातीची रेषा काढून त्या दोहोंमधली जागा त्याने रंगवली होती. तो रंग शोभेचा नव्हता, व्यापारातली शिल्लक किंवा तूट म्हणजेच तो रंग होता. तापमानाची किंवा भूजलपातळीची रेषा अशी भरून काढली, तर त्या रंगाला काहीच अर्थ उरत नाही.

रंग भरला की उभा अक्ष शून्यापासूनच सुरू झाला पाहिजे, याबाबत मी कुणाचेही ऐकत नाही. कोयनेची क्षमता १०५.२५ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट) आहे. धरणात ५० टीएमसी पाणी असताना, जागा वाचवण्यासाठी कुणी अक्ष ४० पासून सुरू केला, तर जवळजवळ निम्मे भरलेले धरण चित्रात सहाव्या हिश्श्याहूनही कमी भरलेले दिसते. नुसत्या रेषेत अशी काटछाट एक वेळ खपून जाते, भरलेल्या रंगात ती सरळसरळ फसवणूक ठरते.

माझी स्वतःची फजिती झाली ती पुण्याच्या चार धरणांच्या आलेखात. खडकवासला १.९७, पानशेत १०.६५, वरसगाव १२.८२ आणि टेमघर ३.७१, असे मिळून २९.१५ टीएमसी पाणी एकाच साखळीतले असल्यामुळे चारही पट्टे एकावर एक रचून दाखवणे मला अगदी स्वाभाविक वाटले होते आणि एकूण साठ्यासाठी ते योग्यही होते. मी पानशेत तळाला ठेवले होते आणि त्यावर वरसगाव. उन्हाळ्यात पानशेतमधून पाणी सोडणे सुरू होते, वरसगावचा विसर्ग बंद होता. चित्रात मात्र पानशेतच्या पाठीवर बसलेला वरसगावचा पट्टाही आठवड्यागणिक खाली येत गेला. बैठकीत एका वरिष्ठांनी चष्मा वर करून विचारले, "वरसगावचं पाणी कुणाच्या सांगण्यावरून सोडलं?" मी म्हणालो, "वरसगाव हललेलं नाही साहेब, खालचं पानशेत बसलंय." सगळे हसले, पण अहवाल परत आला.

त्यांची काहीच चूक नव्हती. रचलेल्या पट्ट्यांत नीट वाचता येतो तो फक्त सर्वांत खालचा पट्टा आणि सर्वांत वरची कड. मधल्यांना पाय टेकायला सपाट जमीनच नसते. त्यात भर म्हणजे जुलैतल्या येव्यामुळे, म्हणजे धरणात येणाऱ्या पाण्यामुळे, पट्टे उभे चढू लागले की डोळा उभी जाडी न मोजता दोन कडांमधले सर्वांत जवळचे अंतर मोजतो आणि भरपूर पाणी असलेला पट्टाही बारीक दिसतो. तेव्हापासून सर्वांत कमी हलणारे खडकवासला मी तळाला ठेवतो आणि प्रत्येक धरणाचा वेगळा छोटा आलेख शेजारी देतो.

गेल्या वर्षाची तुलना हवी असेल तर यंदाचा साठा रंगवावा आणि गेल्या वर्षाची नुसती रेषा द्यावी. दोन्ही रंगवले तर पुढचा रंग मागच्याला झाकतो. रविवारची नोंद राहून गेली असेल तर तेवढा दिवस स्वतः तपासावा, कारण एक्सेल रिकामे घर शून्य धरते आणि धरण एका दिवसात कोरडे पडून सोमवारी पुन्हा भरल्याचा चमत्कार छापला जातो.

या आलेखाचे सर्वांत चोख रूप मला विसर्गात दिसते. धरणातून दर सेकंदाला किती घनफूट पाणी सुटते, म्हणजेच क्युसेक, हे दिवसांवर मांडले, तर रेषेखालचा रंग म्हणजे सोडलेले एकूण पाणी असते. साधारण ११,५७४ क्युसेकचा विसर्ग चोवीस तास चालला की एक टीएमसी पाणी जाते. तासाभराचा मोठा सुळका आणि आठवडाभराचा बुटका पट्टा यांत जास्त पाणी कुठे गेले, हे इथे रंगच सांगतो.

आता उजनी. तिथे लोक टीएमसीपेक्षा 'प्लस' आणि 'मायनस' यांतच जास्त बोलतात, कारण टक्केवारी उपयुक्त साठ्याची असते आणि त्याखालचा ६३.६६ टीएमसी मृत साठा, म्हणजे नेहमीच्या वापरासाठी न धरलेले तळाचे पाणी, हिशेबात शून्याच्या खाली जातो. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेली होती. टक्क्यांचा एरिया चार्ट काढला तर रंग शून्याच्या रेषेखाली लोंबू लागतो आणि पाहणाऱ्याला वाटते की धरणात आता थेंबही उरलेला नाही. प्रत्यक्षात उपयुक्त साठा ५३.५७ टीएमसी असल्यामुळे उणे ५० टक्क्यांना, कागदावरच्या हिशेबाने, जवळपास ३७ टीएमसी पाणी शिल्लक असते, म्हणजे पुण्याची चारही धरणे तुडुंब भरली असताना असते त्याहून जास्त. (त्यातला गाळ किती, हा हिशेब निराळा.) म्हणून उजनीचा आलेख मी टक्क्यांत न काढता टीएमसीत, थेट तळापासून भरत नेतो: ६३.६६ पर्यंत गडद निळा, त्यावर फिका, आणि मधल्या आडव्या रेषेवर एवढेच लिहितो, 'शून्य टक्के'.