इग्निशनच्या कामाची नोंद: सीबी पॉइंट, बुश आणि अर्थची वेणी

चार सिलिंडरच्या या जुन्या गाडीचे इंजिन आयडलला अगदी सुरळीत फिरत असे. मात्र चढावर तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की गाडी मिसिंग करू लागे, म्हणजे मधूनच एखादा सिलिंडर पेट न घेता झटके देई. अशा वेळी बहुतेकांचा पहिला संशय कार्ब्युरेटरवर जातो. फ्लोट आणि जेट तपासून तिथे काही सापडले नाही, म्हणून मोर्चा इग्निशनकडे, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेकडे, वळवला, आणि तोही प्लगपासून नव्हे, तर बॅटरीच्या बारा व्होल्टवर चालणाऱ्या प्रायमरी सर्किटपासून.

त्याचे कारण या व्यवस्थेच्या रचनेतच आहे. चार्ल्स केटरिंग यांची ही पद्धत १९१० च्या कॅडिलॅकवर आली आणि पुढे अनेक दशके तिचे मूळ तत्त्व बदलले नाही. पॉइंट (सीबी म्हणजे कॉन्टॅक्ट ब्रेकर, इंजिनाबरोबर उघडमीट करणारा स्विच) मिटलेले असताना कॉइलच्या प्रायमरीतून, म्हणजे कमी वेढ्यांच्या गुंडाळीतून, प्रवाह वाहतो आणि चुंबकीय क्षेत्र तयार होते. पॉइंट उघडताच ते क्षेत्र कोसळते, प्रायमरीत क्षणभर दोन-तीनशे व्होल्ट उसळतात आणि सुमारे शंभरपट वेढे असलेल्या सेकंडरीत त्यांचे हजारो व्होल्ट होतात. साठलेली ऊर्जा प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे प्रवाह पाच टक्के घटला, तरी ठिणगीतली जवळपास दहा टक्के ऊर्जा जाते. मिनिटाला ४००० फेऱ्यांवर सेकंदाला १३३ ठिणग्या लागतात, म्हणजे दोन ठिणग्यांमध्ये साडेसात मिलिसेकंद मिळतात आणि त्यातही पॉइंट जेमतेम पाच मिलिसेकंद मिटलेले असतात. त्यातच इंजिनावर भार आला की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि ठिणगी पडायला अधिक व्होल्टेज लागते. म्हणून कमकुवत प्रायमरी आयडलला लपून राहते आणि चढावर उघडी पडते.

पहिली तपासणी व्होल्टेज ड्रॉपची केली. पॉइंट मिटवून व इग्निशन चालू ठेवून मीटरची एक पिन कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडील (पॉइंट ज्यात असतात आणि जो सिलिंडरांना ठिणगी वाटतो, त्या भागाकडील) टर्मिनलला आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाला लावली. (या स्थितीत इग्निशन फार वेळ चालू ठेवू नये, कॉइल तापते.) गाडी निगेटिव्ह अर्थची आहे, म्हणजे बॅटरीचे निगेटिव्ह टोक बॉडीला जोडलेले आहे. इथे ०.२ व्होल्टच्या आसपास वाचन यायला हवे होते, मीटरने ०.७ दाखवले आणि पॉइंट ज्यावर बसतात ती बेस प्लेट बोटाने किंचित सरकवताच आकडा उड्या मारू लागला. पिन एकेक टप्पा पुढे नेत गेल्यावर बहुतेक घट बेस प्लेट आणि डिस्ट्रिब्युटरची बॉडी यांच्यामध्ये होत असल्याचे दिसले. या दोहोंना जोडणारी कापडी वेष्टणाची एक आखूड वेणी असते. व्हॅक्यूम ॲडव्हान्समुळे (ॲक्सिलरेटरनुसार बदलणाऱ्या इंजिनाच्या ओढीने ठिणगीची वेळ मागेपुढे करणाऱ्या व्यवस्थेमुळे) प्लेट जितक्या वेळा हलते, तितक्या वेळा ही वेणी वाकते. बाहेरून ती धडधाकट होती. वेष्टण मागे सारल्यावर आत तांब्याचे चार-पाच केस तेवढे शाबूत निघाले. ॲक्सिलरेटर दाबताच मिसिंग का होत असे, याचा उलगडा तिथेच झाला. तिच्या जागी बारीक केसांची, अतिशय लवचीक वायर घातली आणि सोल्डर फक्त टोकांना राहील याची काळजी घेतली, कारण सोल्डर आत झिरपले की वायर ताठ होते आणि नेमकी तिथेच तुटते.

पॉइंटच्या एका तोंडावर खड्डा आणि दुसऱ्यावर उंचवटा तयार झाला होता. अशा पॉइंटमध्ये फीलर गेज (फट मोजण्याची पातळ पट्टी) उंचवट्यावर टेकते आणि खरी फट मापापेक्षा जास्त राहते. ते घासत बसण्यापेक्षा नवे घालणे मला पटते. त्यांच्या तोंडावरचा संरक्षक तेलाचा थर पुसून फट ०.३८ मिलिमीटर ठेवली. पॉइंटवरची ठिणगी आवरणारा कंडेन्सरही सोबतच बदलला.

ड्वेल, म्हणजे पॉइंट किती अंश मिटलेले राहतात, ते दाखवणारे मीटर लावल्यावर दुसरी गोष्ट समोर आली. आयडलला ड्वेल ५८ अंश होता, पण फेऱ्या वाढवताच तो चार-पाच अंशांनी ढळत होता. रोटर (ठिणगी वाटणारा फिरता भाग) काढून डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट आडवा हलवून पाहिला, तर खेळ हाताला स्पष्ट जाणवला. शाफ्ट डुगडुगत असेल, तर प्रत्येक सिलिंडरला वेगळी फट आणि वेगळे टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) मिळते. मग गेजने कितीही काटेकोरपणे फट लावली तरी उपयोग नसतो. सच्छिद्र ब्राँझची नवी बुश (शाफ्टला आधार देणारी नळी) रात्रभर तेलात भिजवून बसवली आणि शाफ्टच्या मापाला रीम करून (आतून तासून) घेतली. आता ढळण एका अंशाच्या आत आहे.

टायमिंग सर्वांत शेवटी लावले, कारण फट बदलली की टायमिंगही बदलते. शाफ्टवरच्या कॅमवर घासणारी पॉइंटची टाच झिजत गेली की फट मिटत जाते आणि ठिणगी उशिरा पडू लागते. म्हणूनच कॅमवर ग्रीसचा पातळ हात आवश्यक आहे, मात्र जास्त झालेले ग्रीस उडून पॉइंटवर जाते आणि जळते. कॉइलच्या त्याच टर्मिनलवर व अर्थवर दिवा जोडून स्थिर टायमिंग घेतले आणि नंतर व्हॅक्यूमची नळी काढून, तिचे तोंड बंद करून स्ट्रोबने (ठिणगीबरोबर लुकलुकणाऱ्या दिव्याने) पडताळले.

चढावरचे मिसिंग थांबले आहे. मात्र व्हॅक्यूमची नळी तोंडाने ओढून जिभेने धरली असता प्लेट सरकते आणि हळूहळू परत येते, म्हणजे व्हॅक्यूम युनिटमधला डायफ्रॅम (पातळ पडदा) गळतो आहे. ते युनिट दुरुस्त होईपर्यंत नळी बंदच ठेवली आहे. यामुळे एका चालीने जाताना पेट्रोल थोडे जास्त लागेल, परंतु भाराखालच्या चाचण्या निर्धोकपणे घेता येतील.